एका पेटीचे तीन एसएमएस

महोदय,

'तुमची आंब्याची पेटी आज निघाली' हा एकच एसएमएस गिऱ्हाइकाला तीनदा गेला, की बागायतदार मोबाइल कंपनीला बोल लावतो. दोष बहुधा त्याच्याच वेबसाइटच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात असतो. पाडवा ते अक्षय्य तृतीया गर्दी वाढली की क्लाउड, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणारी सेवा, आपणहून सर्व्हर वाढवतो. प्रत्येक नवा सर्व्हर त्याच इमेजवरून, म्हणजे मूळ सर्व्हरच्या तयार नकलेवरून, उभा राहतो आणि सकाळी सहाचा क्रॉनही सोबत आणतो. तीन सर्व्हर, तीन एसएमएस. एकवेळ एसएमएस परवडले. काम परताव्याचे असेल तर पैसेही तीनदा जातील.

यावर 'एक सर्व्हर मुख्य नेमा' असे सर्रास सांगितले जाते. गर्दी ओसरल्यावर क्लाउड नेमका तोच सर्व्हर काढून टाकू शकतो, आणि मग काम होतच नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. अ‍ॅमेझॉनच्या इलास्टिक बीनस्टॉक या क्लाउड सेवेतला 'लीडर ओन्ली' (फक्त मुख्य सर्व्हरवर चालवा) पर्याय इथेच तोकडा पडतो. लीडर ठरतो तो सॉफ्टवेअर चढवताना. तो गेला तर क्रॉनही गेला.

एका वेळी एकाच सर्व्हरला काम करू देणारे कुलूप सगळ्यांच्या सामायिक डेटाबेसमध्ये हवे. कामाचे नाव आणि नियोजित तारीख मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा घालू न देणारी अट) असलेले टेबल करावे. प्रत्येक सर्व्हरने आधी तिथे ओळ घालून पाहावी. ज्याची ओळ बसली त्याने काम करावे, बाकीच्यांनी मुकाट परतावे. काम संपले तरी ओळ पुसू नये. २ सेकंदांत काम उरकून कुलूप काढले आणि दुसऱ्या सर्व्हरचे घड्याळ ५ सेकंद मागे असले, तर त्याला दार उघडेच सापडते. तारीख भारतीय वेळेने धरावी. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपले सकाळचे ६ म्हणजे त्यांचे ००:३०, पण आपले पहाटेचे ५ त्यांच्याकडे आदल्या दिवशीच पडतात.

सर्व्हर अर्ध्यात बंद पडला तर? ओळीत 'सुरू' आणि 'पूर्ण' अशा नोंदी ठेवाव्यात, अर्ध्या तासात 'पूर्ण' न दिसल्यास इशारा यावा. शिवाय प्रत्येक ऑर्डरवर 'कळवले' अशी खूण हवी, म्हणजे राहिलेलेच काम पुन्हा चालवता येते. अ‍ॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिजसारखे, ठरल्या वेळी काम सुरू करून देणारे बाहेरचे वेळापत्रक वापरले तरी हे टेबल सुटत नाही, कारण तेही 'निदान एकदा' हाक मारण्याचीच हमी देते.

सॉफ्टवेअरचे बिल चुकते करण्याआधी दोन सर्व्हर मुद्दाम चालू ठेवून एसएमएस मोजावेत, मग त्यातला एक ऐन कामात बंद करून पुन्हा मोजावेत.

— काही संगणक अभियंते, रत्नागिरी