प्रथम वर्षाची गळती आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपले की, पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत शिकायला आलेल्या मुलामुलींच्या अडचणींवर वृत्तपत्रांतून दरवर्षी लिहिले जाते. वसतिगृहांतील अपुऱ्या जागा, ‘कॉट बेसिस’वरच्या खोल्यांचे भाडे, मेसचे जेवण, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी व्याख्यानांसमोर जाऊन बसण्याची ओढाताण हे विषय त्यात असतात आणि त्यात अतिशयोक्ती नसते. तरीही प्रथम वर्षाच्या वर्गांना दीर्घकाळ शिकवलेला निवृत्त प्राध्यापक म्हणून माझे निरीक्षण असे आहे की, याच अडचणी सोसून टिकणारा विद्यार्थी आणि दिवाळीला गावी गेल्यावर परत न येणारा विद्यार्थी यांच्या परिस्थितीत पुष्कळदा फारसा फरक नसतो. टिकणाऱ्याजवळ आपण इथे कशासाठी आलो याचे काहीएक उत्तर असते. ते कच्चे असेल, आईवडिलांकडून आलेले असेल, पुढे बदलणारही असेल. पण सकाळी साडेसातच्या तासाला जाऊन बसायला ते पुरते.

दुसऱ्याला हे उत्तर शोधण्याची सवड आपली प्रवेशपद्धतीच देत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सीईटीचे गुण हाती आले की पर्यायांची यादी भरायची, केंद्रीभूत प्रवेशाच्या म्हणजे ‘कॅप’ फेरीत जे महाविद्यालय आणि जी शाखा वाट्याला येईल ती ‘फ्रीझ’ म्हणजे पक्की करायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची याचा निर्णय गावातल्या सायबर कॅफेत कुणाच्या तरी सल्ल्याने घ्यायचा, आणि मग शुल्क व कागदपत्रांच्या धावपळीतून एक दिवस वर्गात येऊन बसायचे, असा हा प्रवास असतो. बारावीपर्यंत ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ असे सांगून पुढे ढकललेला प्रश्न प्रवेश मिळाल्यावर समोर उभा राहतो, आणि नेमका तेव्हाच जवळ ओळखीचे कुणी नसते.

मानसशास्त्राला हा विषय नवा नाही. बेकर आणि सिरिक या अमेरिकी संशोधकांनी महाविद्यालयीन समायोजन मोजण्यासाठी 1980 च्या दशकात तयार केलेली 67 विधानांची प्रश्नावली आजही अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात अभ्यासातील, सामाजिक आणि वैयक्तिक-भावनिक समायोजनाबरोबर चौथा घटक आहे तो संस्थेशी आणि आपल्या ध्येयाशी वाटणाऱ्या बांधिलकीचा. आपल्याकडे पहिल्या घटकासाठी उपचारात्मक वर्ग निघतात, दुसऱ्यासाठी ‘फ्रेशर्स पार्टी’ होते, तिसऱ्यासाठी समुपदेशकाच्या नावाची पाटी लागते. चौथ्याची दखल कोणत्याही समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलेल्या दहा विधानांच्या प्रश्नावलीत तर जीवनात अर्थ असल्याची जाणीव आणि त्या अर्थाचा शोध या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे ‘मला काय करायचे आहे ते अजून ठरत नाही’ असे सांगणारा अठरा वर्षांचा मुलगा लगेच भरकटलेला ठरत नाही. काळजी करावी ती ज्याला अर्थ सापडलेलाही नाही आणि ज्याने शोधणेही सोडून दिले आहे त्याची. आणि असा विद्यार्थी सहसा तक्रार करत नाही, फक्त हजेरीपटावर दिसेनासा होतो.

या विचारामागे ज्यांचे नाव हमखास घेतले जाते त्या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या नाझी छळछावणीतील अनुभवांची वाक्ये आपल्याकडे प्रेरणादायी व्याख्यानांत सढळपणे वापरली जातात. त्या छावण्यांच्या कितीतरी आधी, 1928 च्या सुमारास, ऐन विशीतल्या फ्रँकल यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी मोफत सल्लाकेंद्रे उभी केली होती आणि पुढे शाळांच्या निकालपत्रकांच्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी खास मोहीम चालवली होती, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. अर्थाची भाषा करणाऱ्या या माणसाने आधी मुलांना भेटायची वेळ आणि जागा नक्की केली, हे आपल्या प्राचार्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. ज्याची शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी खात्यावर जमा झालेली नाही, ज्याच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत, त्याला जीवनाचा अर्थ शोधायला सांगणे ही क्रूर थट्टा होईल. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांच्या निवास-भोजनासाठी असलेल्या स्वाधारसारख्या योजनांचे पैसे वेळेवर मिळणे आणि वसतिगृहांची संख्या वाढणे यांना पर्याय नाही. शिवाय काही मुलांना खरोखर उपचारांची गरज असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी 1,764 एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, आणि परीक्षेच्या तसेच शैक्षणिक संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना स्वतंत्र मार्गदर्शक द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची 14416 क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तो क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापायला कितीसा खर्च येतो?

मात्र समुपदेशकाकडे जाण्याची वेळ येण्याआधीचे जे काम आहे ते व्याख्यानांनी होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ ही नवागतांच्या स्वागताची चांगली योजना आखून दिली. पण प्रवेशफेऱ्या लांबल्या की सत्र आक्रसते आणि दीक्षारंभ एका सभागृहातल्या दोन दिवसांच्या भाषणांवर उरकला जातो. ‘गुरू-शिष्य’ म्हणजे मेंटॉर योजना महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फाइलसाठी बहुतेक ठिकाणी आहे. तिच्या नोंदवहीतल्या सह्या अनेकदा एकाच बैठकीत झालेल्या असतात.

याबाबतीत आपल्याच राज्याचा वारसा अधिक उपयोगी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले, तेव्हा तिथली मुले स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. 1947 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर उभे राहिले. त्यामागे पैशांची निकड होती हे खरेच. पण आपल्यावाचून कुठलेतरी काम अडते, ही जाणीव त्या मुलांना पहिल्या दिवसापासून मिळत होती. पुण्यात 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांतही श्रमाला आणि सामूहिक जबाबदारीला असेच स्थान राहिले आहे. माझ्या पाहण्यात जी मुले पहिल्या सत्रातच ग्रंथालयाच्या काउंटरवर, रोपवाटिकेत किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गुंतली, त्यांनी ‘मी इथे काय करतोय’ हा प्रश्न विचारणे थांबवले नाही, पण त्या प्रश्नासाठी महाविद्यालय सोडण्याची गरज त्यांना वाटली नाही.

माझी सूचना एवढीच आहे की, कमवा आणि शिका योजनेतील काही जागा प्रथम वर्षासाठी राखून त्यांचे अर्ज पहिल्या महिन्यातच घ्यावेत, आणि नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमासाठी दिलेले श्रेयांक (क्रेडिट्स) केवळ प्रमाणपत्रे गोळा करून मिळू नयेत. याच धोरणाने प्रथम वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. ती गरजूंसाठी चांगली असली, तरी आता सोडून जाणारा विद्यार्थी ‘एक्झिट’ या रकान्यात व्यवस्थित बसतो आणि तो का गेला हे विचारण्याची कुणाला गरज उरत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज न भरलेल्या मुलामुलींना फोन करून कारण विचारावे आणि विद्यापीठाने ती कारणे, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध करावीत. त्यासाठी नवीन निधी लागत नाही. याद्या परीक्षा विभागाकडे तयारच असतात.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे