हजेरीपटावरच्या सह्यांपुढे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जमीनधारकांच्या प्रशिक्षण शिबिरांच्या बातम्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. किती जण आले, उद्घाटन कोणी केलं, व्याख्यान कोणाचं झालं, सगळं असतं. पुढे शेतात काय बदललं, हे मात्र वाचायला मिळत नाही. यात बातमीदाराचा दोष नाही, आयोजकांकडेच त्याचं उत्तर नसतं. मी कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतीतलं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामात होते, अशी शिबिरं वर्षानुवर्षं घेतली आणि बराच काळ माझ्याकडेही ते उत्तर नव्हतं.

माती परीक्षणाच्या एका शिबिराचं सांगते. सभागृह भरलं होतं, अभिप्रायाच्या कागदावर बहुतेकांनी ‘उत्तम’वर खूण केली होती. मी अहवाल लिहून मोकळी झाले. पुढच्या हंगामात दुसऱ्या कामानं त्या भागात गेले, तेव्हा त्यांतल्या बारा जणांच्या शेतावर जाऊन आले. माती तपासून घेतली होती तिघांनी. बाकीच्यांशी बोलत गेले आणि चूक आमच्या नियोजनात सापडत गेली. मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्यायचा असतो. आम्ही शिबिर घेतलं ते निधी खर्ची घालायची मुदत संपत आली म्हणून, शेतं पिकानं भरलेली असताना. रान मोकळं होईपर्यंत शिकवलेलं विसरून गेलं होतं. काहींनी जमीन खंडानं दिलेली होती, कसणाऱ्याला आम्ही बोलावलंच नव्हतं. आणि दोन ठिकाणी जमीन बाईच्या नावावर, पण निमंत्रण नवऱ्याला आणि हजेरीपटावर सहीही त्याचीच. त्यांतली एक जण म्हणाली, “मॅडम, शेतात तर रोज मीच असते.” स्वतः बाई असून माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

क्लॉड बेनेट या अमेरिकी अभ्यासकानं 1975 मध्ये विस्तार कार्यक्रमाच्या मूल्यमापनाच्या सात पायऱ्या मांडल्या: साधनं, उपक्रम, सहभाग, प्रतिक्रिया, मग ज्ञान-वृत्ती-कौशल्य-आकांक्षांतला बदल, त्यानंतर प्रत्यक्ष कृतीतला बदल आणि शेवटी अंतिम परिणाम. हजेरी ही तिसरी पायरी, ‘उत्तम’ची खूण चौथी. आम्ही तिथेच थांबत होतो. माझ्या बारा शेतांवर जे दिसलं, ती सहावी.

शिबिराआधी आणि नंतर तीच प्रश्नावली देण्याची पद्धतही फसवते. नमुना घेता येतो का, असं सकाळी विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. मग बांधालगतची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नसते, शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे खड्डे घेऊन पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करायची असते, हे प्रत्यक्ष केल्यावर आपल्याला येत नव्हतं हे त्यांना उमगतं. संध्याकाळी ते प्रामाणिकपणे स्वतःला कमी गुण देतात आणि कागदावर शिबिर वाया गेल्यासारखं दिसतं! म्हणून मी पुढे दोन्ही प्रश्न शेवटीच विचारू लागले: आता किती येतं, आणि सकाळी खरं तर किती येत होतं?

एका दिवसाच्या व्याख्यानाला पर्यायही जुनाच आहे. इंडोनेशियात 1989 मध्ये भातावरील किडींच्या एकात्मिक नियंत्रणासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतातच जमायचे, कीड आणि मित्रकीटक स्वतः मोजायचे, फवारणी करायची की नाही हे आपसांत ठरवायचे. पीक आणि शिक्षण बरोबरीनं चालायचं. याला वेळ आणि माणसं जास्त लागतात, हे मी जाणते. पण सगळीकडे ते जमलं नाही तरी शिबिराची तारीख पिकाच्या वेळापत्रकावरून ठरवायला आणि शेत प्रत्यक्ष कसणाऱ्याला बोलवायला जादा निधी लागत नाही. परत जाऊन पाहण्यासाठी मात्र तरतूद लागते, आणि ती अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच केली नाही तर नंतर कधीच होत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. अशा शिबिराची बातमी छापली की तिची तारीख टिपून ठेवावी आणि एक हंगाम उलटल्यावर आपल्या वार्ताहरानं हजेरीपटावरच्या चार-पाच जणांच्या शेतावर जाऊन यावं. त्या घरातल्या बाईशीही बोलावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कृषी विस्तार कार्यकर्ती