आकडा चुकला तरी संगणक ओरडत नाही

महोदय,

सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि आरोग्य खात्यातले कर्मचारी यांच्यासाठी ‘डेटा ॲनालिसिस’चे अल्पमुदतीचे वर्ग हल्ली बरेच निघतात. त्यांतल्या अनेकांची सुरुवात थेट टी-टेस्ट आणि पी-व्हॅल्यूने (फरक योगायोगाचा आहे का, हे तपासायच्या संख्याशास्त्रीय रीतींनी) होते, आणि सरावाला दिलेली फाइल आधीच धुऊनपुसून ठेवलेली असते. खरी फाइल समोर आली की शिकणारा अडतो. काही जण अडतही नाहीत, चुकीचं उत्तर घेऊन पुढे जातात. ते जास्त घातक.

त्याऐवजी पहिला धडा असा द्यावा: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने फार बुटकी, आढळली. हा छापील आकडा मूळ फाइलमधून स्वतः काढून दाखवा. सर्वेक्षण आपल्याच देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं आहे, आणि ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एसपीएसएस किंवा स्टेटा या विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावाचून काही अडत नाही.

घरातल्या सर्व सदस्यांची फाइल (पीआर) घ्यावी. मातांच्या मुलाखतीवरून केलेल्या फाइलमध्ये, ज्यांच्या आईची मुलाखत झालेली नाही अशी मुलं येत नाहीत. पीआर फाइलमध्ये सुमारे २८ लाख ओळी आहेत, त्यामुळे ४ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. ‘आर’च्या ‘हेवन’ या पॅकेजने (जोड-साधनाने) फाइल उघडताना हवे तेवढे आठ-दहा स्तंभच मागवले की काम होतं. आदल्या रात्री त्या घरी झोपलेली मुलंच धरायची (एचव्ही १०३ या स्तंभात १). राज्याचा क्रमांकही तपासून घ्यावा: पाचव्या फेरीत महाराष्ट्र २७, चौथीत २०. जुन्या फाइलवर नवा क्रमांक चालवलात तर पुदुच्चेरीचं उत्तर मिळतं.

खरी मेख वयानुसार उंचीच्या झेड-स्कोअरमध्ये (स्तंभ एचसी ७०) आहे; मुलाची उंची त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून किती दूर आहे, ते हा आकडा सांगतो. फाइलमध्ये तो शंभराने गुणून ठेवलेला असतो, म्हणून खुजेपणाची सीमा उणे २ नव्हे, उणे २००. इथे चुकलात तर बहुतांश मुलं खुजी ठरतात आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. पण ज्या नोंदी विश्वासार्ह नाहीत त्यांना ९९९६ ते ९९९८ असे संकेतांक दिलेले असतात. ते काढले नाहीत तर संगणक त्यांना ‘उणे २००पेक्षा जास्त’, म्हणजे धडधाकट मूल समजतो. समजा १,००० मुलांत ३३० खुजी आणि ८० नोंदी अशा बाद आहेत. बरोबर उत्तर ९२० पैकी ३३०, म्हणजे ३५.९ टक्के. संकेतांक तसेच राहिले तर ३३. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, आकडाही पटण्यासारखा!

मग भारांक (स्तंभ एचव्ही ००५), म्हणजे सरासरीत प्रत्येक नोंदीला किती वजन द्यायचं तो आकडा. प्रत्येक जिल्ह्याचा आकडा मिळावा म्हणून छोट्यामोठ्या जिल्ह्यांतून जवळपास सारख्याच आकाराचा नमुना घेतात. भारांकाशिवाय सरासरी काढली तर सिंधुदुर्गाचं वजन पुण्याइतकंच पडतं. भारांक दहा लाखांनी भागून वापरायचा. शिवाय एका क्लस्टरमधून (निवडलेल्या गावातून किंवा शहरी वस्तीतून) २२ घरं निवडलेली असतात, आणि एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. म्हणून ‘आर’च्याच ‘सर्व्हे’ पॅकेजला क्लस्टर, स्तर (नमुना काढण्याआधी पाडलेले गट) आणि भारांक तिन्ही सांगावे लागतात. हे आधी आख्ख्या फाइलवर करावं, महाराष्ट्र नंतर वेगळा काढावा. नाहीतर प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे आकड्यात येणाऱ्या अनिश्चिततेचं माप, चुकू शकते.

या त्रुटीला फार महत्त्व आहे. चौथ्या फेरीत हाच आकडा ३४.४ होता. दोन्ही फेऱ्यांचं विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता असते तो पट्टा) न पाहता ‘राज्यात खुजेपणा वाढला’ असं म्हणणं उतावीळपणाचं. वृत्तपत्रांनीही हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

तालुका पातळीवर डेंग्यूच्या रुग्णयाद्या हाताळणाऱ्यांची अडचण साधी, पण रोजची आहे: तारखा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल ०३/०७ म्हणजे ३ जुलैचा ७ मार्च करतं, आणि १५/०७ ही तारीखच न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. मग साथीच्या आलेखात मार्चसारख्या महिन्यांतही खोटे रुग्ण दिसतात आणि जुलैतले निम्म्याहून अधिक रुग्ण गायब होतात. नोंद करतानाच दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत लिहावं आणि मूळ फाइलला कधीही हात लावू नये. सगळे बदल स्क्रिप्टमध्ये (संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या फाइलमध्ये) लिहून ठेवले, तर आकडा कुठून आला हे पुढच्या माणसाला विचारत बसावं लागत नाही.

— एक वाचक, पुणे