पिशवी काढायची सोय आहे, वाचवायची कुठंय? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, वय २९, पतसंस्थेत काउंटरला असते, मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि मला एन्डोमेट्रिओसिस आहे. हे नाव तुमच्याकडच्या फायलींमध्ये फारसं येत नसेल म्हणून आधी सांगते. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर वाढतात, कुणाच्या बीजकोषावर, कुणाच्या आतड्यावर, कुणाच्या लघवीच्या पिशवीवर. पाळीच्या हार्मोनबरोबर तिथेही सूज येते, व्रण होतात, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हे असतं, म्हणजे जगात १९ कोटींच्या आसपास. एवढ्या जणी आहेत आणि तरी कॉलेजपासून मला एकच उत्तर मिळत आलं, पाळीत दुखतंच गं. लग्न झालं की थांबेल, मग मूल झालं की थांबेल. गरोदरपणात आणि मुलगी अंगावर पीत होती तोवर खरंच बरं होतं कारण पाळीच नव्हती, पाळी परत आली आणि सगळं दुप्पट होऊन आलं. मुलीला उचलून जिना चढता येत नाही अशा दिवशी मेफ्टाल घेऊन कामावर जायचं, संडासला बसताना कळ आली की दात आवळायचे, नवरा जवळ आला तरी दुखतं हे मात्र सासूबाईंना सांगायचं नाही. असं चाललंय.

सोनोग्राफी आधी नॉर्मल यायची. आता उजव्या बीजकोषात चॉकलेट सिस्ट आहे, जुनं रक्त साठून होते ती. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नसतं हे मला फार उशिरा कळलं, वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत. आधी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत, पण युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती अट सोडली, लक्षणं नीट ऐकून आणि तपासून औषध सुरू करता येतं असं म्हटलंय. म्हणजे यासाठी मोठं मशीन लागत नाही साहेब, बाईचं दहा मिनिटं ऐकणारं कुणीतरी लागतं.

आता माझ्यापुढे काय काय आहे ते ऐका. डायनोजेस्टची गोळी रोज एक, २ मिलीग्रॅमची, महिनोन्‌महिने. दुखणं कमी होतं पण अधूनमधून डाग लागतात, मूड जातो, आणि ती चालू असताना दुसऱ्या मुलाचा विचार बाजूला ठेवावा लागतो. दुसरी हार्मोनची कॉइल, पिशवीत एकदा बसवली की काही वर्षं बघायला नको. तिसरी इंजेक्शनं, त्याने तात्पुरती पाळी जाते पण हाडं झिजतात म्हणून ती फार काळ देत नाहीत. चौथं दुर्बिणीचं ऑपरेशन, सिस्ट काढायचं, पण त्यात बीजकोषातली चांगली बीजंही कमी होऊ शकतात आणि आजार परतही येतो. आणि पाचवं, जे मला सगळ्यात आधी सुचवलं गेलं, तेही मी न विचारता: "एक मूल झालंय ना, पिशवी काढून मोकळी हो." पिशवीबाहेरचे डाग तसेच राहिले तर पिशवी काढूनही दुखू शकतं हे कुणी सांगितलं नाही. दोन्ही बीजकोषही काढले तर तिशीच्या आत रजोनिवृत्ती, मग हाडांचं आणि हृदयाचं काय, तेही नाही.

आणि इथेच तुमचा संबंध येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, चांगला निर्णय होता, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं कव्हर आहे. पण योजना भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. ऑपरेशन करून घ्या, चालतं. घरी बसून रोज गोळी खाते त्या बाईसाठी त्यात काही नाही. सरकारी काउंटरवर मला डायनोजेस्ट मिळाली नाही, मेडिकलमधून घेते, महिन्याला हजाराच्या पुढे जातात, माझा पगार किती हे इथे लिहायला लाज वाटते. कॉइल विचारली तर तांबी आहे म्हणाले, ती फुकट, पण तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, मला हवी ती प्रायव्हेटमध्ये. म्हणजे मी विचार करून ठरवतेय असं मला वाटतं, प्रत्यक्षात खिसा ठरवतोय, आणि खिसा पिशवी काढ म्हणतो.

बीडचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग खाजगी दवाखान्यांना सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायला लावली, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अनावश्यक ऑपरेशनं रोखायला सगळ्या राज्यांना सांगितलं. बरोबरच होतं. पण त्या बायकांना दुखत होतं, अंगावरून जात होतं म्हणूनच त्या गेल्या होत्या ना? ऑपरेशनवर परवानगीची अट बसवलीत, ऑपरेशनऐवजी तिला काय द्यायचं याची सोय कुठे केलीत?

ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय आराखडा केला, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. आपल्याकडे ८ मार्चला सत्कार असतो आणि पॅडच्या पाकिटावर फोटो असतो (कुणाचा ते सोडा).

मला फार मोठं काही नको. डायनोजेस्ट आणि हार्मोनची कॉइल उपजिल्हा रुग्णालयापर्यंत मोफत द्या. प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दिवस पाळीच्या दुखण्याची ओपीडी ठेवा, तिथल्या डॉक्टरांना याचं ट्रेनिंग द्या, कारण आत्ता त्यांचा सगळा वेळ डिलिव्हरी आणि सिझरमध्ये जातो, त्यांचाही दोष नाही. आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये दोन प्रश्न घाला, पाळीत शाळा किंवा काम बुडतं का, आणि संडासला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का. आणि चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची परवानगी देताना आधी कुठलं औषध किती दिवस दिलं हे त्या फॉर्मवर लिहायला लावा, रकाना रिकामा असेल तर फॉर्म परत.

उत्तर पाठवणार असाल तर "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे" असलं नको. गोळी आमच्या काउंटरला कधी येणार तेवढं कळवा. माझी पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे, सिस्ट वाढलेली निघाली तर ऑपरेशनचं तेव्हाच ठरवावं लागेल.

आपली,
पतसंस्थेतली एक क्लार्क