मँडरिन मासा 'बिगिनर फ्रेंडली' म्हणून विकलात त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

मी कोथरूडला राहतो. मागच्या महिन्यात तुमच्या सिंहगड रोडच्या दुकानातून मँडरिन हा समुद्री मासा घेतला. टँक नवीन आहे, दोनच महिने झालेत हे मी काउंटरवरच सांगितलं होतं, तरी तुमचा माणूस म्हणाला काही होत नाही सर, दाणे टाका, खातो तो. वेबसाईटवर पण 'बिगिनर फ्रेंडली' लिहिलंय अजून.

तो दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. दिवसभर दगडावरून टुकूटुकू सरकत एकेक जागा न्याहाळतो आणि टिपण्यासारखं काही नसतंच तिथे. हा मासा फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या उथळ, शांत लगूनमधला, तुटलेल्या प्रवाळाच्या खचात राहणारा आणि तिथे सकाळपासून कोपेपॉडसारखे बारीक जीव सतत टिपत असतो. नवीन टँकच्या लाईव्ह रॉकवर, म्हणजे बारीक जीव वाढतात त्या समुद्री दगडांवर, तेवढे पॉड्स (हेच कोपेपॉड) कुठून येणार? टँक चांगला जुना झाल्याशिवाय हा ठेवायचा नसतो, हे मासे विकणाऱ्यांना माहीत नसेल तर कोणाला असणार?

आता त्याचं पोट खपाटीला गेलंय, डोक्यामागे खळगा पडलाय. रंग मात्र अजून तसाच आहे, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं मासा मस्त आहे. बाकी माशांचा निळा रंग बहुतेक वेळा प्रकाशाच्या परावर्तनामुळे दिसतो, याच्या पेशींमध्ये खरोखरच निळं रंगद्रव्य असतं, प्राणिजगतात हे फार दुर्मिळ आहे. असा जीव तुम्ही सेलमध्ये लावता आणि उपाशी मरायला घरोघरी पाठवता, याचा मला मनापासून राग आलाय.

फोन केला तर उत्तर मिळालं की लाईव्ह स्टॉकवर रिफंड नाही. मी रिफंड मागितलाच नव्हता! मी लाईव्ह पॉड्स मागितले होते, ते तुम्ही ठेवतच नाही म्हणे. मग मँडरिन कशाच्या जोरावर विकता?

दुकानात तुमचा तो मोठा जुना रीफ टँक, प्रवाळांचा, आहे ना, त्यात याला परत घ्या, पैसे नाही दिले तरी चालेल. वेबसाईटवरचं ते 'बिगिनर' काढा, आणि इथून पुढे गिऱ्हाईकासमोर फ्रोझन खाणं खाऊन दाखवणाराच मँडरिन विका.

बिलाचा आणि माशाचा फोटो सोबत जोडलाय. आज संध्याकाळी सातनंतर मी घरीच आहे, माणूस पाठवा, येताना ऑक्सिजनची पिशवी आणि थर्मोकोलचा बॉक्स आणायला सांगा. उद्यावर ढकलू नका.

तुमचा एक ग्राहक
कोथरूड, पुणे