स्टॅम्प काँक्रीट: आधी ढाळ आणि बैठक, मग रंग

महोदय,

पावसाळा सरला की गोव्यात घराभोवतीची कामे निघतात, आणि अलीकडे त्यांत स्टॅम्प काँक्रीटची मागणी वाढलेली दिसते. ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडी फरशीचा किंवा लाकडी फळ्यांचा छाप उठवायचा आणि त्यावर रंग व सीलर, म्हणजे संरक्षक लेप, चढवायचा, असे हे काम. नीट केले तर ते वर्षानुवर्षे टिकते. पण किनाऱ्यालगतच्या गावांत पहिल्याच पावसात रंग पांढुरका पडतो, पापुद्रे सुटतात आणि चवथीला घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना शेवाळलेल्या अंगणातून जपून चालावे लागते. यात दोष तंत्राचा नाही. कोटेशनमध्ये रंग आणि डिझाइन असते. खालची बैठक, ढाळ, सांधे आणि पाणी यांविषयी एक ओळही नसते. काम टिकते ते मात्र याच चार गोष्टींवर, म्हणून हे पत्र.

बैठकीपासून सुरुवात करू. वरची मुळे-पालापाचोळ्याची माती २०० ते २५० मिमी काढून टाकावी. खालची जमीन पाणी मारून धुमसावी. त्यावर खडीमिश्रित मुरूम १०० ते १५० मिमी, प्रत्येक थर ७५ ते १०० मिमीपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर फिरलाच पाहिजे. एकदम फूटभर भराव टाकून वरून दाबला तर वरचे चार बोटे घट्ट होते आणि खाली पोकळी राहते. खाजनालगतच्या (खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीलगतच्या) भरावाच्या जमिनीत तर एक पावसाळा भराव बसू द्यावा, मगच काँक्रीट घालावे. जुन्या कोब्यावर १५-२० मिमीचा थर देऊन छाप मारण्याचा स्वस्त पर्यायही सर्रास सुचवला जातो. जुना पृष्ठभाग यंत्राने खरवडून, धुऊन, बाँडिंगचा थर दिल्याशिवाय असा थर पकड घेत नाही. सांध्यातून आत गेलेले पाणी आणि वरचे ऊन मिळून तो सुटतो. शक्यतो हा पर्याय टाळावा.

ढाळ हा गोव्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इथे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे दीड ते दोन सेंटीमीटर ढाळ हवा. छापाच्या खोलगट रेघांत पाणी अडते, त्यामुळे गुळगुळीत कोब्याला चालणारा ढाळ इथे पुरत नाही. तयार पृष्ठभाग जोत्याच्या माथ्यापासून किमान १५० मिमी खाली राहावा. चिऱ्याची भिंत पाणी ओढून घेते. काँक्रीट तिला थेट भिडवले तर ओल आत शिरते. भिंत आणि स्लॅब यांच्यात १० ते १२ मिमीची फोमची पट्टी ठेवून वरून सीलंट भरावे. कौलारू घरांत पागोळ्या पडतात त्या रेषेत फूट-दीड फूट रुंदीचा खडीचा पट्टा सोडावा. तिथे सीलर एका पावसातच झिजतो.

जाडी पायी चालण्यासाठी १०० मिमी, गाडीसाठी १२५ ते १५० मिमी. काँक्रीट एम-३० या ताकदीच्या दर्जाचे, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नको. समुद्राच्या वातावरणाला उघड्या असणाऱ्या सळईच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक हीच मर्यादा सांगते. छाप नीट उठावा म्हणून खडी २० मिमीऐवजी १० ते १२ मिमीची घ्यावी, आणि प्रवाहीपणा सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणाऱ्या रसायनाने) आणावा. काँक्रीटच्या गाडीपाशी उभे राहून त्यात पाइपने पाणी घालणे हे सर्वांत जास्त नुकसान करणारे काम आहे. त्या पाण्याने पृष्ठभाग दुबळा होतो, आणि दुबळ्या पृष्ठभागावरचा रंगच आधी झिजतो. परदेशी व्हिडिओंत काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडणारे मिश्रण घालायला सांगतात. ते गोठणाऱ्या बर्फाच्या प्रदेशासाठी आहे, आपल्याला त्याची गरज नाही.

सळईच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: पायवाटेला आणि बसण्याच्या जागेला सळई घालू नये. मिठाने साध्या काँक्रीटचे फारसे बिघडत नाही, लोखंडाचे बिघडते. मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की गंज चढतो, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, आणि वरचे काँक्रीट फुटते. आयएस ४५६ अशा वातावरणात सळईवर काँक्रीटचे ४५ मिमी आवरण मागते. १०० मिमीच्या स्लॅबमध्ये मधोमध जाळी ठेवली आणि छापाने ८-१० मिमी खाल्ले, तर ते गणित बसतच नाही. शिवाय प्रत्यक्षात जाळी जमिनीवर पडून राहते आणि तिचा उपयोग शून्य. त्याऐवजी घनमीटरमागे ९०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीन तंतू घालावेत. ओले असताना पडणाऱ्या बारीक भेगा त्यांनी कमी होतात. गाडीच्या जागेत सळई हवीच असेल तर जाडी १५० मिमी आणि खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे ठोकळे.

वाळू आणि पाणी यांच्याकडे कंत्राटदार सहसा बोट दाखवू देत नाहीत, म्हणून मालकानेच विचारावे. मांडवी आणि झुवारीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू खारट असू शकते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. काँक्रीट मिसळण्याच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा सळई असल्यास लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, नसल्यास २००० मिलिग्रॅम आहे. वाळू धुतलेले पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि दाट पांढरा साका आला, तर ती वाळू प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वापरू नये. दर्जेदार एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) मिळत असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

प्रत्यक्ष ओतण्याचा दिवस. पहाटे सुरुवात करावी. दुपारकडे समुद्राचा वारा सुटतो, तो पृष्ठभाग झपाट्याने सुकवतो आणि रंगाची पावडर शेजाऱ्याच्या भिंतीवर नेतो. एका वेळी ३० ते ४० चौरस मीटरपेक्षा जास्त घेऊ नये, आणि त्यासाठी सराव असलेली चार-पाच माणसे हवीत. ओतून, समपातळीत आणून, वर आलेले पाणी पूर्ण जाईपर्यंत थांबावे. ते पाणी असताना रंग टाकला की पुढे पापुद्रा सुटतो. मग रंगीत हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारी रंगाची पावडर) चौरस मीटरमागे ३ किलो, दोन वेळा विभागून: आधी दोन तृतीयांश टाकून गवंड्याच्या लाकडी रंध्याने (सपाट थापीने) आत मुरवावा, मग उरलेला. रंग आयर्न ऑक्साइडचे घ्यावेत. तांबडा, तपकिरी, पिवळा, करडा या छटा उन्हात टिकतात, सेंद्रिय निळे-हिरवे उडतात. शिवाय गोव्याच्या तांबड्या धुळीत फिकट क्रीम रंगाच्या रेघा पहिल्याच वर्षी मातकट होतात. गडद रंग बरा.

छाप केव्हा मारायचा हे अंगठा सांगतो. दाबल्यावर ५-६ मिमी खूण उठावी आणि अंगठ्याला काही चिकटू नये. त्याआधी साचे लगदा उचलतात, त्यानंतर छाप उथळ राहतो. उन्हाच्या दिवसांत ही संधी अर्धा-पाऊण तासाचीच असते. साचा सुटा व्हावा म्हणून रिलीज पावडर चौरस मीटरमागे १५० ते २०० ग्रॅम पुरते. वारा असेल तर द्रवरूप रिलीज वापरावा. साचे निदान एका पूर्ण रांगेचे आणि वर दोन-तीन एवढे असावेत.

भेगा रोखता येत नाहीत. त्या कुठे पडाव्यात एवढेच ठरवता येते. १०० मिमी जाडीला अडीच ते तीन मीटरवर काप, खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे २५ मिमी. तुकडे चौकोनी असावेत, लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. काप त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या पहाटेपर्यंत. दोन दिवसांनी मशीन आणले तर तोवर काँक्रीटने आपली भेग स्वतःच पाडलेली असते. कापाची रेघ छापाच्या रेघेवर येईल अशी आखणी आधीच करावी, नाहीतर नक्षी मधोमध कापली जाते.

पाणी मारणे इथे थोडे अवघड आहे. ओली गोणपाटे रंगावर डाग सोडतात, प्लास्टिक सुरकुतले तर त्याचे पट्टे उठतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिलीज पावडर नायलॉनच्या ब्रशने आणि सौम्य साबणाने धुवावी, त्यानंतर गोड्या पाण्याची हलकी फवारणी दिवसातून अनेकदा, किमान दहा दिवस. स्लॅग किंवा फ्लाय अॅशचे सिमेंट असेल तर चौदा. पांढरे डाग काढायला ॲसिड अजिबात वापरू नये. बाजारातले ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, म्हणजे क्लोराइड आपणच आत घालतो.

सीलर २८ दिवसांनी. आधी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली पाण्याचे थेंब दिसले तर थांबावे. ओल अडकली की ॲक्रिलिक सीलर दुधाळ होतो; सॉल्व्हंटचा सीलर असेल तर झायलीन या द्रावकाचा हलका हात फिरवून तो बहुधा सुधारतो. दोन पातळ हात द्यावेत, एक जाड नको, आणि दुसऱ्या हातात न घसरणारे बारीक पॉलिमरचे कण मिसळावेत. समुद्र समोरच असेल तर चकाकी विसरून सिलेन-सिलॉक्सेनचा आत मुरणारा सीलर घ्यावा. तो वाफ बाहेर सोडतो आणि खारे पाणी आत येऊ देत नाही. बाहेरच्या कामाला इपॉक्सी नको, उन्हात ते पिवळे पडते. वर दिसणारी पांढरी भुकटी पाण्याने विरघळली तर ती मिठाची, न विरघळली तर सिमेंटमधल्या चुन्याची. उपाय ठरवण्याआधी एवढे पाहावे.

म्हणूनच हंगाम महत्त्वाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. 'मृगाच्या आधी आटपून घेऊ' म्हणून मेमध्ये ओतलेल्या कामाला २८ दिवस मिळत नाहीत. वळवाची एक सर छाप धुऊन नेते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून दारात असतो. सीलरची तपासणी दर वर्षी ऑक्टोबरात करावी, साधारण दोन वर्षांनी नवा हात द्यावा. शेवाळ पावसाआधीच ताठ नायलॉन ब्रशने काढावे. लोखंडी ब्रशचे तुकडे रुतून गंजतात, आणि ब्लीचिंग पावडरने रंग उडतो.

अंदाज करता यावा म्हणून ५ बाय १० मीटरच्या, १०० मिमी जाडीच्या कामाचा हिशेब देतो. काँक्रीट ५ घनमीटर, वाया जाणारे धरून साडेपाच. तंतू ५ किलो. हार्डनर १५० किलो, म्हणजे २५ किलोच्या सहा पिशव्या. रिलीज ८ ते १० किलो. सीलर दोन हातांना १५ ते २० लिटर. अडीच मीटरच्या कापांनी आठ चौकोन. हे काम दोन दिवसांत विभागून ओतावे. कोटेशनमध्ये हार्डनर यापेक्षा फारच कमी दिसला, तर तेवढ्यात रंग मुरणार नाही हे समजावे.

एक विनंती घरमालकांना. सगळे आवार काँक्रीटने झाकू नका. १०० चौरस मीटरवर १०० मिमी पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी होते, आणि ते जमिनीत मुरायला जागा नसेल तर शेजाऱ्याच्या आवारात किंवा रस्त्यावर जाते. विहिरीभोवतीची जमीन उघडी ठेवा. माडाला १.८ मीटर त्रिज्येचे आळे सोडा, तुळशीवृंदावनाभोवतीचे अंगण मातीचे राहू द्या. पंचायतींनीही घरदुरुस्तीचे परवाने देताना आवारातले पाणी कुठे जाणार हे आराखड्यावर दाखवायला सांगावे. आणि काम देताना जाडी, काँक्रीटचा दर्जा, ढाळ, कापांचे अंतर, हार्डनरचे वजन आणि सीलरचा प्रकार या सहा गोष्टी कंत्राटदाराकडून सहीनिशी लिहून घ्या. जो लिहून द्यायला तयार नसेल, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

आपले,
बांधकाम क्षेत्रातील काही स्थापत्य अभियंते, म्हापसा