कच्च्या वहीलाही शेरा मिळू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. मागे तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या वर्गातल्या वह्या चाळल्या आणि ‘वह्या पूर्ण, अक्षर नीटनेटके’ असा शेरा दिला. त्या शेऱ्याची मला लाज वाटली, म्हणून हे पत्र.

सातवीत ३८ मुलं. बाष्पीभवनाचं उत्तर ३८ वह्यांत शब्दाला शब्द सारखं, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. घाईत माझ्या हातून ‘बाष्पीभवण’ झालं, तर तो बाणाचा ण सगळ्या वह्यांत इमानेइतबारे उतरला. मी लाल पेनानं बरोबरची खूणही करून मोकळी झाले. पोरं तासभर लिहीत होती आणि त्यातलं एक वाक्यही त्यांचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फळा कोरा ठेवला. प्रश्न दिला : चहा कपापेक्षा बशीत लवकर का निवतो? आधी पाच मिनिटं जोडीदाराशी बोलायचं. मग कच्च्या वहीत आपल्या शब्दांत लिहायचं. मग वह्या बदलायच्या आणि शुद्धलेखनाच्या चुका न काढता खाली एकच प्रश्न लिहायचा, जे कळलं नाही त्याचा. गलका इतका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

एका मुलीनं लिहिलं, “बशीत चहा पसरतो, त्याला हवा लागती म्हणून निवतो.” तिच्या जोडीदारणीनं खाली लिहिलं, “हवा तर कपाला पण लागती की.” झालं. ही पेन्सिल चावत बसली, उठून पाणी पिऊन आली, लिहिलेलं खोडलं. दुसऱ्या खेपेला लिहिलं, “बशीत चहाचा वरचा भाग मोठा होतो. तिथून वाफ जास्त जाती. वाफ जाताना गरमपणा घेऊन जाती. कपाचं तोंड लहान म्हणून तिथून वाफ कमी जाती.” यात ‘बाष्पीभवन’ हा शब्द कुठेच नाही. तो मी नंतर दिला, तेव्हा तो ठेवायला तिच्याकडे जागा होती. ‘जाती’चं ‘जाते’ तर मी मुद्दामच केलं नाही. पक्क्या वहीत उतरवताना तिनं ते आपणहून केलं.

आमच्या गणिताच्या सरांनी हीच युक्ती उचलली. मुलांनी शाब्दिक उदाहरण स्वतः रचायचं आणि शेजाऱ्यानं सोडवायचं. एकानं लिहिलं, ‘मी दुकानातून ५ पेन आणले, तर किती रुपये उरले?’ शेजारी म्हणाला, “अरे, नेले किती होतेस? अन् पेन केवढ्याला?” वाक्यात काय राहिलं हे सरांना सांगावंच लागलं नाही. भूगोलात मी शाळेपासून घरापर्यंतची वाट लिहायला लावते आणि दुसऱ्याला ती वाचून नकाशा काढायला सांगते. ‘पारापासून वळायचं’ असं लिहिलेल्या मुलाचं घर नकाशात थेट ओढ्यात गेलं, तेव्हा डावीकडे-उजवीकडेच काय, पूर्व-पश्चिमही सगळ्यांना आठवली.

यात नवीन असं काही नाही. बी.एड.ला यावर पेपरच आहे. भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी, असं लिहून आम्ही पास होतो. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पण विज्ञानातलं ‘शास्त्रीय कारणे लिहा’, भूगोलातलं ‘भौगोलिक कारणे लिहा’ आणि इतिहासातलं ‘सकारण स्पष्ट करा’ हेही लेखनच ना? ते शिकवायचं कुणी? मराठीच्या बाईंनी, असं आम्ही बाकीचे गृहीत धरतो आणि गाइड उघडतो.

२०२३-२४ मध्ये, वेगळ्या वह्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ची कोरी पानं आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मुलांच्या वह्या काही सुटल्या नाहीत, दप्तर हलकं झालं नाही आणि २०२५-२६ पासून ती पानं गेली. त्यावर माझी तक्रार नाही. पण नाव ‘माझी नोंद’ आणि खाली माझ्याच वर्गात गाइडमधली उत्तरं, हे मी पाहिलंय. पानं कोरी देऊन भागत नाही. त्यांवर खाडाखोड करायची मुभा आहे, हे मुलांना आणि त्यांच्या बाईंना कुणीतरी सांगावं लागतं.

ते तुम्ही सांगावं, एवढीच विनंती आहे. नवीन उपक्रम नको, नवीन ॲप तर नकोच. भरायच्या माहितीनं आधीच जीव मेटाकुटीला आलाय. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१०पासून लागू आहे. त्याच्या आकारिक भागात, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, वर्गकार्य सगळं आहे. त्यातच गणित, विज्ञान आणि परिसर-भूगोलासाठी सत्रातून एकदा मुलाच्या एका उत्तराचे पहिला आणि दुसरा असे दोन्ही खर्डे ठेवायला सांगा. आणि केंद्रप्रमुखांना, विस्तार अधिकाऱ्यांना सूचना द्या, की वर्गात गेल्यावर कच्ची वही मागा. पाच वह्यांत एकच उत्तर सारखं दिसलं, तर ते का, हे विचारा.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मलाही होती. धड्यागणिक हे जमत नाही, करूही नये. मी महिन्यातून दोनदा करते. त्या आठवड्यात तपासायच्या वह्याही कमी होतात, कारण अर्धी तपासणी मुलांनीच केलेली असते. जोडीत दोघंही कच्ची असली तर मात्र गाडी अडते. तिथं मला बसावं लागतं आणि ३८ मुलांत ते दरवेळी जमत नाही, हेही मोकळेपणानं सांगते.

कळावे,
आपली नम्र,
सातवीच्या विज्ञानाच्या बाई

ता. क. बशीवाल्या मुलीनं समासात लिहून ठेवलंय, “मग फुंकर मारल्यावर अजून लवकर का निवतो?” पुढच्या शनिवारी त्यावर जोड्या बसणार आहेत.